दुपारची गोळी

डिसेंबरातली सकाळ होती. आमच्या देऊळगाव राजाकडं त्या दिवसांत अशी थंडी पडते की चिमटा धरलेली बोटं वाकत नाहीत. आम्ही बाया साडीवर स्वेटर, स्वेटरवर गड्यामाणसाचा शर्ट अन् डोक्याले रुमाल बांधून, गाठोडं होऊन शेडनेटमधी शिरतो. अन् अशात ही आरोही टमाट्याच्या सरीत उभी राहून स्वेटर काढून राह्यली होती. आधी वरचा शर्ट काढला, मंग स्वेटर काढला, मंग पदरानं मान पुसली. मानेवरून घाम गळत होता, खोटं नाही सांगत. मी दोन सऱ्या सोडून उभी होती. म्हणलं, काय वं, ताप हाये का? तिनं नाही म्हणून मान हलवली अन् बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

मी प्रेमला. वैजनाथभाऊच्या शेडनेटवर बायांची मुकादम. तोंडाची फटकळ म्हणून मले सगळा तालुका ओळखते, अन् ते खरं हाये. फटकळ काऊन झाली, तेही सांगते पुढं.

आमचं काम क्रॉसिंगचं. संकरित बियाणं तयार करायचं. दुपारून कळी उमलायच्या आत ती चिमट्यानं उघडायची अन् आतला पिवळा नर-भाग अलगद काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाले दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग लावायचे. एखादी कळी नजरेतून सुटली, तिनं आपलं आपणच फळ धरलं, की ते बी भेसळ. कंपनी बी पेरून पाहते. भेसळ निघाली तं मालकाचा हंगाम गेला अन् पुढच्या वर्षी आमचं काम गेलं.

आता आरोही ट्रान्सजेंडर हाये, ऑपरेशन करून बाई झाली, अन् काम करते फुलातला नर काढायचं, हे ऐकून तुमच्या डोक्यात जे काही आलं असेल ते तुमच्यापाशीच ठेवा. एक यूट्यूबवाला मोबाईल घेऊन आला होता असलंच काहीतरी बोलून घ्याले. त्याले मी बांधापलीकडं घालवून देल्लं. म्हणलं, फूल हाये ते, अन् ती माणूस हाये, निघ इथून. पोरगी चांगलं काम करते म्हणून ठेवली. बाकी मले काही देणंघेणं नव्हतं.

तर आरोही ही आमच्या आळीतल्या शालूबाईचं धाकटं लेकरू. थोरला गोकुळ, तो जालन्याले कारखान्यात हाये, बायकोपोरं तिकडंच. आरोहीचं पहिलं नाव मी सांगणार नाही. तिले आवडत नाही, अन् ते कळून तुम्हाले तरी काय करायचं हाये? बारावी झाली तशी ती पुण्याले गेली. तिथं कुठल्याशा कंपनीत फोनवर बोलायचं काम करत होती. तिथंच तिच्या गोळ्या सुरू झाल्या, तिथंच काही वर्षांनी ऑपरेशन झालं. इकडं कोणाले काही पत्ता नाही. बाप रामराव होता तोवर घरात तिचा विषयच नव्हता.

रामराव गेला तव्हा ती आली, ती साडी नेसूनच आली. भर मयतीत. सगळी आळी मयत सोडून तिच्याकडंच पाहत होती, मी पण पाहत होती, कायले लपवू. शालूबाई उठली, तांब्या भरून तिच्या हातात देल्ला अन् परत जागेवर जाऊन बसली. चौदावं झालं, गोकुळ गेला, पाहुणे गेले, अन् आरोही राह्यली. आईजवळ कोणीतरी पाह्यजे होतं, अन् तिलेही कुठंतरी आपलं घर पाह्यजे होतं.

पण एका घरात राहणं वेगळं अन् एका घरचं होणं वेगळं. शालूबाई तिले जेवाले वाढायची, दुखलंखुपलं विचारायची, पण देवाजवळ दिवा लावू द्यायची नाही. रोज सकाळी चहासंगं आरोही एक गोळी घ्यायची. ते पाकीट दिसलं की शालूबाईचं तोंड फिरायचं. मलेच एकदा म्हणाली होती, ऑपरेशन झालं ना? मंग अजून काय राह्यलंय आत, की दाबून ठेवाले रोज गोळी लागते? तिच्या मनात असं होतं की गोळी चालू हाये म्हणजे आतमधी पोरगाच हाये, अन् गोळी थांबली की तो उठून बसेल.

मी आरोहीले टोळीत घेतलं तव्हा बायांनी नाकं मुरडली. तोंडावर कोणी बोललं नाही, माह्यापुढं कोण बोलते? पण जेवाले बसताना गोल व्हायचा अन् आरोही त्या गोलाच्या बाहेर, मोटारीच्या खोलीपाशी एकटी. पाण्याचा हंडा एक, पण तिची बाटली वेगळी. तिनंही कधी पुढं पुढं केलं नाही. मान खाली घालून काम करायची. हात मात्र असा हलका की कळीले कळायचं नाही. वैजनाथभाऊ माणूस चिकट, तोही म्हणे की हिची सरी पाहाची गरज नाही.

एक दिवस तिले सकाळी उशीर झाला असेल, गोळी राह्यली असेल. दुपारच्या जेवणात तिनं ती घेतली. रुखमाबाईची नजर गेली. रुखमाबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी, कोणाच्या घरात काय शिजलं ते वासावरून सांगेल. तिनं विचारलं, कायची गोळी वं? आरोहीनं खरं ते सांगून टाकलं. शरीराले बाईचं हार्मोन लागते, माह्या अंगात ते आपोआप बनत नाही, म्हणून ऑपरेशननंतरही घ्यावी लागते.

आता इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या टोळीतल्या निम्म्या बायांची पिशवी काढलेली हाये. पिशवी म्हणजे गर्भपिशवी. अंगावरून जाते, पोट दुखते, कामाचे खाडे पडतात. दवाखान्यात जावं तं डॉक्टर म्हणते, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. मंग तिशीतच काढून मोकळ्या. सासू म्हणते बरं झालं, नवरा म्हणते बरं झालं, आपणही म्हणतो, सुटली एकदाची कटकट. पिशवीसंगं अजून काय काय काढलं, ते आम्हाले कोणी सांगतलं नाही अन् आम्ही कोणी विचारलं नाही. मीही त्यातलीच, रुखमाबाईही त्यातलीच, अन् शालूबाईही.

तं रुखमाबाई हसली. तोंडातला घास गिळून म्हणाली, "आमचंही काढलंच ना सगळं? आम्ही कुठं गोळ्या खातो? ऑपरेशन झालं की झालं. तू आता आमच्यातलीच." अन् तिनं हात लांबवून आरोहीचा डबा गोलात ओढला. बाया सरकल्या. आरोही आत येऊन बसली. कोणी तिले ठेचा देल्ला, कोणी भाकरीचा तुकडा. तिचे डोळे भरून आले होते. मी पाह्यलं अन् दुसरीकडं पाह्यलं, मले असलं काही झेपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी बंद केली.

रुखमाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट तिनं तं त्या पोरीले आपल्यात घेतलं होतं. अन् त्यातच सगळं बिघडलं. पुण्यातल्या डॉक्टरनं आरोहीले काय सांगतलं होतं, ते तिले पाठ होतं. ऑपरेशनाआधी दोन गोळ्या असतात, पुरुषाचं हार्मोन दाबायची एक अन् बाईचं हार्मोन द्यायची दुसरी. ऑपरेशन झालं की पहिली सुटते, दुसरी सुटत नाही. हे सगळं माहीत असून तिनं बंद केली, कारण डॉक्टरनं तिले कधी आमच्यातली म्हणलं नव्हतं.

घरीही तिनं मायले सांगतलं, बंद केल्या गोळ्या. त्या संध्याकाळी आरोही कामावरून आल्यावर शालूबाईनं तिच्या हातात काडेपेटी देल्ली अन् म्हणाली, दिवा लाव. दसऱ्यात बालाजीच्या यात्रेले तिले संगं घेऊन गेली. हिरवी साडी, कपाळाले कुंकू. लोक पाहत होते तं शालूबाई सरळ पुढं पाहून चालत होती. आरोहीनं मले दुसऱ्या दिवशी कामावर हे सगळं सांगतलं, अन् सांगताना तिचे हात थांबत नव्हते, कळ्या काढून राह्यली अन् हसून राह्यली. तितकं हसताना मी तिले मंग पुष्कळ दिवस पाह्यलं नाही.

दिवाळी झाली अन् ते सुरू झालं.

आधी झोप गेली. मंग तिले एका सरीत उभं राहणं जमेना. दोन झाडं केली की दाराशी जाऊन उभी राहायची, परत यायची, पराग कुठं ठेवले विसरायची. मधीच अंगावरचे कपडे काढायची, मधीच कुडकुडायची. कोणी काही बोललं की डोळ्यात पाणी, नाहीतर भांडण. गुडघे दुखतात म्हणे, कंबर दुखते म्हणे. अजून तिशी पुरी नाही अन् सरीतून उठताना खांब धरायची. नेटमधी भिरभिरणारी पोरगी पाहून माहंच डोकं फिराले लागलं. बस म्हणलं तं बसत नव्हती, घरी जाय म्हणलं तं जात नव्हती.

मंग कंपनीचा माणूस तपासणीले आला अन् त्याले तिच्या सरीत सुटलेल्या कळ्या सापडल्या. एक नाही, चांगल्या ओंजळभर. वैजनाथभाऊनं मले बाजूले घेतलं, म्हणे उद्यापासून तिले आणू नको. मी म्हणलं, ती गेली तं टोळी जाईल. टोळी गेली नसती, पण त्याले काय माहीत. त्यानं तिले राहू देल्लं. पण असं किती दिवस चालवणार होती मी?

तिचं दुखणं मी ओळखलं होतं. त्या थंडीत स्वेटर काढताना पाह्यलं तव्हाच ओळखलं होतं. बत्तिसाव्या वर्षी माहं ऑपरेशन झालं अन् टाके वाळले न वाळले तोच पायापासून आगीचा लोळ उठाले लागला. छातीत, गळ्यात, कानापर्यंत. मंग घाम, मंग थंडी. दिवसातून किती वेळा, रात्रीतून किती वेळा. माहा नवरा म्हणे, बाईले वेड लागलं. सासूनं लिंबू उतरवले. कोणी सांगतलं नाही की हे कायचं हाये. झोप नसली की माणसाचं तोंड सुटते. माहं तव्हा जे सुटलं ते परत बंद झालं नाही. लोक म्हणतात प्रेमलाबाईचा स्वभाव. स्वभाव कायचा डोंबलाचा!

गोळी थांबली अन् हे लागलं, एवढं तं मलेही दिसत होतं. मी तिले मोटारीच्या खोलीमागं नेलं अन् सांगतलं, ती गोळी परत सुरू कर. ती भिंतीले टेकली, परत उभी राह्यली, परत टेकली.

"मावशी, गोळी घेतली की मी परत वेगळी झाली. माय आता मले देवापाशी उभी करते. रुखमाकाकू डब्यातलं देते. हे सगळं एका गोळीपायी घालवू का? अन् तुम्ही सगळ्यांनी काढलेच ना असे दिवस? तुम्ही बाया नाही का?"

"मी काढले," मी म्हणलं, "म्हणूनच सांगून राह्यली."

तिनं ऐकलं नाही. परत सरीत गेली. मले राग तिचाही आला अन् आमचाही आला. त्या पोरीले बाई व्हायचं होतं, अन् आमच्याकडून ती शिकली काय, तं निमूट सोसणं.

संक्रांतीच्या आधी शालूबाईचा हात मोडला. धड पडलीही नाही. न्हाणीतली बादली उचलताना पाय जरा सरकला, तिनं भिंतीले हात टेकला, अन् मनगट गेलं. इथल्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं. तो म्हणे एवढ्याशा धक्क्यानं हाड मोडायचं वय नाही हे, अजून पंचावन्नही नाहीत, एकदा हाडं तपासून घ्या. आरोहीच्या ओळखीची एक डॉक्टरीण संभाजीनगरले होती, पुण्याहून आल्यावर ती तिच्याकडंच जायची. हार्मोनची अन् हाडाचीही डॉक्टर. आरोही म्हणाली, मायले तिथं नेऊ. स्वतःचं दाखवायचं तिच्या मनात नव्हतं, दसऱ्यापासून ती तिकडं फिरकलीच नव्हती. मी संगं निघाली. एकीचा हात गळ्यात, अन् दुसरी एका जागी बसत नाही, अशा दोघींले एकटं कसं सोडावं?

एसटीत शालूबाई खिडकीपाशी बसली, मधी आरोही, कडेले मी. गाडी फाट्याच्या पुढं गेली नाही तोच शालूबाईनं काच सरकवली. गार वारा आत. मागचा माणूस ओरडला, बाई, काच लावा, लेकराले सर्दी हाये. तिनं लावली. थोड्या वेळानं आरोहीनं तिच्या अंगावरून हात घालून परत उघडली. मागचा परत ओरडला. मंग मलेही आग चढली, मी पदरानं वारा घेऊ लागली, अन् पाहते तं शालूबाई एका हातानं वारा घेऊन राह्यली, आरोही ओढणीनं वारा घेऊन राह्यली. जानेवारीच्या थंडीत तिघी बाया घामेघूम. कंडक्टरनं आमच्याकडं पाह्यलं अन् तिकिटं फाडली.

शालूबाईनं मात्र आरोहीच्या मानेकडं पाह्यलं. निथळणाऱ्या मानेकडं. पुष्कळ वेळ पाहत राह्यली. मंग हळू आवाजात विचारलं, पायापासून वर चढते का? आरोही म्हणाली, हाव. रात्री उठून बसावं लागते? हाव. फरशीवर पाठ टेकून निजावं वाटते? आरोहीनं नुसती मान हलवली. कधीपासून, तं दसऱ्यापासून. मंग शालूबाई जालना येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. यावेळी मागचा ओरडला तरी तिनं काच लावली नाही.

डॉक्टरीणबाई वयानं लहानच, पण घाई नव्हती तिले. हाडाची तपासणी केली, फोटो पाह्यला, अन् विचारलं, पाळी कधी गेली? शालूबाई म्हणाली, पिशवी काढली तव्हाच, तेहतिसाव्या वर्षी. त्यानंतर अंगाची आग व्हाले किती दिवसांनी सुरुवात झाली, तं शालूबाई म्हणे लगेच, महिन्याभरात. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. ती सांगू लागली. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूले अंडाशय असतात, बाईचं हार्मोन तिथं बनते. आग लगेच सुरू झाली म्हणजे बहुतेक तेही काढले असतील. तेच हार्मोन हाडं धरून ठेवते. इतक्या लहान वयात ते गेलं तं बाहेरून द्यावं लागते, निदान पन्नाशीपर्यंत, नाहीतर हाडं आतून पोकळ होत जातात.

शालूबाईनं मोडका हात मांडीवर नीट ठेवला. चांगल्या हातानं आरोहीकडं बोट केलं.

"हिच्या गोळ्या त्याच का?"

"हार्मोन तेच," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"मंग मले काऊन नाही देल्ल्या?"

बाहेर नर्स कोणाचं तरी नाव पुकारत होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, मी तिथं नव्हते, त्यांनी का नाही दिल्या ते मले सांगता येणार नाही, पण द्यायला पाहिजे होत्या. ती पुणेरी बोलणारी, पण त्या दिवशी तिच्या तोंडूनही 'मले' निघून गेलं, का मलेच तसं ऐकू आलं, देव जाणे. मी तव्हा भिंतीवरचं हाडाचं चित्र पाहत होती. माहे बत्तीस, तिचे तेहतीस. मी माहं मनगट दुसऱ्या हातानं दाबून पाहत होती.

मंग शालूबाई म्हणाली, हिनंही बंद केल्या हायेत, दसऱ्यापासून. आरोहीनं झटकन मायकडं पाह्यलं. तिनं तं मायले औषधासाठी आणलं होतं अन् मायनं तिलेच पुढं केलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, का बंद केल्या? आरोही नखानं खुर्चीचं रेक्झिन कुरतडत बसली.

शालूबाईच म्हणाली, "माह्यापायी."

त्या दोन शब्दांनी आरोही अशी रडली की मी उठून दाराकडं गेली. मले रडणारी माणसं पाहावत नाहीत. शालूबाई रडली नाही. ती डॉक्टरीणबाईले एकेक विचारत राह्यली. हिची हाडंही गेली का? तपासू. भरून येतील का? सुरुवात हाये, आता गोळी घेतली तं सांभाळली जातील. किती वर्षं घ्यायची? पुष्कळ वर्षं, मधून रक्त तपासत. अन् माह्यासाठी? डॉक्टरीणबाई म्हणाली, तुम्हाले आता इतक्या वर्षांनी ते हार्मोन देणं बरं नाही, तुम्हाले हाडाचं दुसरं औषध देते. म्हणजे माही वेळ गेली, असं शालूबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईनं हो म्हणलं, अन् खोटं बोलली नाही म्हणून मले ती बाई आवडली.

निघताना दारात शालूबाई परत वळली. हिची गोळी कोणत्या टायमाले द्यायची? तं कोणत्याही, फक्त रोज एकाच वेळी. शालूबाई म्हणाली, दुपारी.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी शालूबाई बसली नाही. एका हातानं दांडा धरून उभीच. बस म्हणलं तं म्हणे, बसवत नाही. तिच्या डोळ्यात मी तीच बेचैनी पाह्यली, जी आरोहीच्या डोळ्यात इतके दिवस पाहत होती. मधीच वाकून मले म्हणाली, प्रेमला, वीस वर्षं मले वाटलं माहंच अंग वाईट हाये. मलेही तेच वाटत होतं.

आरोहीच्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट आला, अन् डॉक्टरीणबाईनं फोनवर सांगतलं की आजपासून सुरू करा. मले वाटलं आता घरातल्या घरात होऊन जाईल. तसं झालं नाही.

दुपारची जेवणं चालू होती. गोल भरला होता, आरोही रुखमाबाईच्या शेजारी बसली होती. नेटच्या दारातून शालूबाई आली. भर उन्हात गावातून चालत, गळ्यात प्लास्टरचा हात. बाया सरकल्या, ती मधोमध येऊन बसली. पदराची गाठ दातानं सोडली अन् त्यातून गोळी काढून आरोहीपुढं धरली. आरोहीचा चेहरा उतरला. तिनं एकेका बाईकडं पाह्यलं. हेच तिले नको होतं, सगळ्यांसमोर परत वेगळं होणं. हलकेच म्हणाली, माय, घरी घेते ना.

"घरी नाही," शालूबाई म्हणाली. "इथं घे. मलेही पाह्यजे होती ही गोळी. या सगळ्यांले पाह्यजे होती. कोणी देल्ली नाही आम्हाले. तुले मी देऊन राह्यली."

आरोहीनं गोळी घेतली. पाणी सगळ्यांच्या हंड्यातलं प्याली. मंग शालूबाईनं त्या गोलाले सगळं सांगतलं, अंडाशय, हाडं, आग, सगळं, जसं डॉक्टरीणबाईनं सांगतलं तसं. कोणी घास घेतला नाही. रुखमाबाईनं आधी उडवून लावलं, म्हणे, आता म्हातारपणी काय करायचं ऐकून. थोड्या वेळानं विचारलं, ती डॉक्टरीण कोणत्या वारी बसते?

जेवणाची सुट्टी संपली. बाया सरीत गेल्या खऱ्या, पण कोणाचा हात चालेना. एक कमरेले हात लावून उभी, एक मनगट दाबून पाहते, दोघी दाराशी जाऊन कुजबुजतात. आरोहीच तेवढी खाली मान घालून कळ्या काढत होती, अन् तीही मधीच पदरानं मान पुसत होती, एका गोळीनं काय होते. वैजनाथभाऊ बांधावरून ओरडला की काम थांबलं कायले, मुकादम कुठं हाये? मी तिथंच होती. माह्या अंगात पायापासून आग चढून राह्यली होती. त्या दिवशी काम थांबलं म्हणून मी एकाही बाईले बोलली नाही.